मुलीची उंची हा आजार नाही: वाढ तपासणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
मुलांच्या वाढीवर उपचार करणारे बालरोगतज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ आणि त्यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या वैद्यकीय संघटना

सादर नमस्कार.

मी डॉक्टर नाही. मी 181 सेंटीमीटर उंचीची बाई आहे आणि हे पत्र माझ्या 12 वर्षांच्या भाचीसाठी लिहिते आहे. शाळेच्या तपासणीत उंची जास्त भरली म्हणून तिला तुमच्यापैकी एका डॉक्टरांकडे पाठवलं होतं. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले, हृदय ठणठणीत, आई उंच, वडील उंच, मावशी तर आहेच. डॉक्टरांनी डाव्या हाताचा एक्स-रे पाहिला, कागदावर मोठेपणीच्या उंचीचा अंदाज म्हणून 184 सेंटीमीटर हा आकडा लिहिला, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि माझ्या बहिणीला म्हणाले, "वाढ थांबवायचा विचार करा. आत्ताच केलं तर उपयोग. मुलगी आहे, पुढे तिलाच जड जाईल." हे सगळं तिच्या देखत. त्या रात्री तिने मला फोन करून विचारलं, "मावशी, माझ्यात मुलींसारखं काही कमी आहे का?"

ना आजार, ना निदान, आणि तरीही एका निरोगी पोरीच्या मनात स्वतःच्या मुलगी असण्याबद्दल शंका पेरली गेली. हे मला गप्प बसून सोसता येत नाही. त्या डॉक्टरांचं नाव मी घेणार नाही. ते वाईट आहेत असंही मला वाटत नाही; तुमच्या विषयात वर्षानुवर्षं जे बोललं गेलं तेच ते बोलले. म्हणून पत्र एकट्या त्यांना न लिहिता तुम्हा सर्वांना लिहिते आहे. माझंही नाव देत नाही, कारण त्यावरून मुलगी ओळखू येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मुलीची उंची मोजताना तुम्ही तिची हाडं, संप्रेरकं आणि तब्येत बघा. ती मोठेपणी बाई म्हणून कशी दिसेल, हा प्रश्न तुमच्या तपासणीत येता कामा नये. तो येतो, आणि त्यापायी उंच मुलींवर नको ते उपचार होतात, तर बुटक्या मुलींचे खरे आजार मागे पडतात.

पहिली तक्रार जुनी आहे आणि ती तुमच्या विषयाच्या इतिहासातच नोंदलेली आहे. 1956 साली अमेरिकेत मॅक्स गोल्डझीहर या डॉक्टरांनी उंच मुलींना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक देऊन वाढ रोखण्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. वयात येताना इस्ट्रोजेनमुळेच हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा मिटते आणि उंची वाढायची थांबते. तेच संप्रेरक बाहेरून, लवकर आणि भरपूर दिलं की कूर्चा आधीच मिटणार, असा त्यामागचा हिशेब. पुढची काही दशकं अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात धडधाकट मुलींना हा उपचार दिला गेला. कारणं काय सांगितली जात? लग्न जमणार नाही, विमानात हवाई सुंदरी म्हणून घेणार नाहीत, बॅले करता येणार नाही, कपडे मिळणार नाहीत. यातलं एकही कारण वैद्यकीय नाही. समाजाला बाई केवढी हवी तेवढ्या मापात मुलीला बसवायचं, आणि त्यासाठी औषध तिने घ्यायचं.

औषधाचं प्रमाणही सांगते, कारण पालकांना ते क्वचितच कळतं. इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन रोज 150 ते 300 मायक्रोग्रॅम दिलं जाई. आजच्या गर्भनिरोधक गोळीत ते साधारण 20 ते 35 असतं. काही मुलींना डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे दुसरं कृत्रिम इस्ट्रोजेन मिळालं. हे औषध गरोदर बायकांना देऊ नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1971 मध्ये दिला, कारण आईच्या पोटात असताना ज्या मुलींना ते पोचलं त्यांच्यात पुढे योनिमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर दिसू लागला होता. आणि एवढं सगळं करून उंची किती कमी होई? सहसा काही थोडे सेंटीमीटर. ज्या अंदाजावर निर्णय घ्यायचा, तो अंदाजच चार-पाच सेंटीमीटर इकडेतिकडे होऊ शकतो. 184 या आकड्याखाली दोन रेघा मारणाऱ्या हाताने ही गोष्टही कागदावर लिहायला हवी होती.

पुढे काय झालं तेही उपचार घेतलेल्या बायकांनीच जगाला विचारायला लावलं. ऑस्ट्रेलियात त्या एकत्र आल्या, आपल्या शरीराचं काय झालं याचा शोध घ्या म्हणाल्या. 1959 ते 1993 या काळात उंचीसाठी तपासलेल्या मुलींना संशोधकांनी मोठेपणी गाठलं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2004 साली निष्कर्ष आले: उपचार घेतलेल्या बायकांना दिवस राहण्यात जास्त अडचणी आल्या, आणि एखाद्या मासिक चक्रात गर्भ राहण्याची त्यांची शक्यता उपचार न घेतलेल्यांपेक्षा सुमारे 40 टक्क्यांनी कमी होती. बाईसारखी दिसावी म्हणून जिला औषध दिलं, तिच्यावर मूल होण्यासाठी पुन्हा डॉक्टरांच्या दारात बसायची वेळ आली. हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

त्याच बायकांना, तो निर्णय बरोबर वाटतो का, असं विचारलं गेलं. ज्यांनी उपचार घेतलाच नव्हता त्यांच्यातल्या 99 टक्क्यांहून जास्त जणी म्हणाल्या, घेतला नाही ते बरं झालं, मग त्या किती का उंच होईनात. ज्यांनी घेतला त्यांच्यातल्या 42 टक्के नाराज होत्या. ज्यांना निर्णयात स्वतःला बोलायला मिळालं नव्हतं आणि ज्यांना तपासणीचाच अनुभव वाईट आला होता, त्यांच्यात ही नाराजी जास्त होती. तपासणीच्या खोलीत काय बोललं जातं ते मुली जन्मभर लक्षात ठेवतात, एवढं तरी यातून घ्या.

दुसरी तक्रार तुमच्या आवडत्या कारणाबद्दल आहे: "मानसिक त्रास होऊ नये म्हणून." उंच मुलीला त्रास होतो हे मी नाकारत नाही. मला झाला आहे. वर्गाच्या फोटोत मी कायम मागच्या रांगेत, टोकाला. नाटकात राजा, बाप, शिपाई, सगळं माझ्याकडे. एकदाही मला बाईचं काम मिळालं नाही. शिडी, काठी, जिराफ ही नावं तर ठरलेलीच. चौदाव्या वर्षी मी उभं राहताना एक गुडघा वाकवायला शिकले, म्हणजे डोकं दोन बोटं खाली येतं. पोक काढून चालायला शिकले. पोक अजून गेलेली नाही, पाठ दुखते. बायकांच्या मापाच्या बाह्या मनगटाच्या वर राहायच्या, बायकांची चप्पल टाचेला कमी पडायची, म्हणून पुरुषांचे शर्ट आणि बूट घेतले, आणि मग "पुरुषी दिसतेस" हे ऐकलं. आजही मागून येणारा माणूस मला "ओ साहेब" म्हणतो आणि मी वळले की दचकतो. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाच्या दारात मला दोनदा नजरेने अडवलं जातं, एकदा आत जाताना, एकदा बाहेर येताना.

पण नीट बघा, यातला कुठला त्रास माझ्या मांडीच्या हाडाने दिला? प्रत्येक त्रास कुणीतरी बोलल्याने, बघितल्याने, वगळल्याने झालेला आहे. इस्ट्रोजेनने त्यांची तोंडं बंद होत नाहीत. त्याच ऑस्ट्रेलियन पाहणीत 2006 साली नैराश्याचाही हिशेब मांडला गेला. उपचार घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये नैराश्याच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. दोन्ही गटांत ते बरंच होतं. ज्या कारणासाठी औषध द्यायचं, ते कारणच औषधाने दूर होत नसेल, तर ते द्यायचं कशासाठी?

माझी बहीण मला म्हणाली, "आणि तिलाच नको असेल एवढी उंची तर?" प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मुलींची उंची मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते. अकरा-बारा वर्षांच्या मुली त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांपेक्षा उंच दिसतात आणि जी मुळातच उंच ती तर ताडमाड दिसते. दोन-तीन वर्षांत मुलं वाढतात आणि चित्र बदलतं. वाढ थांबवण्याचा निर्णय मात्र नेमका त्याच दोन वर्षांत घ्यावा लागतो, कारण नंतर औषधाला काम उरत नाही. म्हणजे आयुष्यात उंचीचा सगळ्यात जास्त संकोच जेव्हा वाटतो, तेव्हाच तुम्ही तिला कायमचा निर्णय विचारता, तोही ज्यांनी संकोच दिला त्यांच्या गराड्यात. अशा वेळचा होकार हा तिचा होकार मानायला मी तयार नाही. तिला स्वतःची उंची खुपत असेल तर तिला बोलायला माणूस द्या, समुपदेशक द्या, उंच बायकांशी गाठ घालून द्या. 184 सेंटीमीटरची बाई घर चालवते, प्रेम करते, नोकरी करते, हसते हे तिने डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

तिसरी तक्रार बुटक्या मुलींची, आणि ती मला पहिलीइतकीच गंभीर वाटते, जरी मी स्वतः त्या बाजूची नसले तरी. मुलगा बुटका राहिला की घर हलतं. मुलगी बुटकी राहिली की "मुलगीच आहे, चालतं, नाजूक दिसेल." या "चालतं"मध्ये आजार लपतात. टर्नर सिंड्रोम साधारण 2,000 ते 2,500 मुलींमागे एकीला असतो. एक एक्स गुणसूत्र नसतं किंवा अर्धवट असतं, उपचाराविना उंची सरासरीपेक्षा सुमारे 20 सेंटीमीटर कमी राहते, आणि त्याबरोबर हृदयाच्या झडपेचे, महाधमनीचे, मूत्रपिंडाचे, ऐकण्याचे दोष येऊ शकतात. वाढीचं संप्रेरक लवकर सुरू केलं तर उपयोग होतो. तरी कित्येक मुलींचं निदान पाळी आली नाही म्हणून कुणीतरी शोधाशोध केल्यावर होतं, वाढीची बहुतेक वर्षं गेल्यावर. सिलिअ‍ॅक आजार (यात गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं बिघडतं), थायरॉइडची कमतरता, पिट्यूटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचे दोष हेही पुष्कळदा आधी उंचीतच दिसतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या बालरुग्णालयात, वाढ कमी म्हणून पाठवल्या जाणाऱ्या मुलांचा आढावा 2005 साली प्रसिद्ध झाला. मुलग्यांची संख्या मुलींच्या जवळजवळ दुप्पट होती. ज्या थोड्या मुली आल्या, त्या जास्त बुटक्या होत्या आणि त्यांच्यात खरा शारीरिक आजार सापडण्याचं प्रमाण मुलग्यांच्या दुपटीहून जास्त होतं. म्हणजे मुलीला डॉक्टरकडे नेईपर्यंत तिला बरंच काही झालेलं असतं.

उंच मुलीला काही झालेलं नसताना उपचार सुचवायचा आणि बुटक्या मुलीला काहीतरी झालेलं असताना घरी पाठवायचं, या दोन्ही चुका एकाच समजुतीतून येतात: बाई म्हणजे पुरुषापेक्षा लहान. या समजुतीला आकडेही साथ देत नाहीत. 2016 साली जगभरच्या उंचीचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 1996 मध्ये जन्मलेल्या पिढीची लॅटव्हियातली सरासरी बाई 170 सेंटीमीटरच्या आसपास आणि पूर्व तिमोरमधला सरासरी पुरुष 160च्या आसपास भरला. दक्षिण कोरियातल्या बायका शंभर वर्षांत सरासरी 20 सेंटीमीटरनी उंच झाल्या. त्यामुळे त्यांच्या बाई असण्यात तसूभरही फरक पडलेला नाही.

चौथी गोष्ट पारलिंगी स्त्रियांची. त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार त्यांचा, पण माझी एक जवळची मैत्रीण पारलिंगी आहे आणि तिने सांगितलं म्हणून लिहिते. मोठेपणी घेतलेल्या संप्रेरकांनी आवाक्यातलं पुष्कळ काही बदलतं, उंची बदलत नाही, कारण कूर्चा मिटून गेलेली असते. तिला पहिल्याच भेटीत एका डॉक्टरांनी "एवढ्या उंचीला बाई म्हणून कसं निभावणार?" असं विचारलं होतं. ती वर्षभर परत गेली नाही. आम्ही दोघी बरोबर चाललो की लोक दोघींनाही सारखंच न्याहाळतात, आधी पाय, मग खांदे, मग चेहरा. माझ्या आणि तिच्या आयुष्यात फार फरक आहे, पण मोजपट्टी एकच आहे आणि ती दोघींच्याही विरोधात वापरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगभावाची विसंगती (जन्मावेळी ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग न जुळणं) मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. तुमच्या खोलीतली भाषा त्या वर्गीकरणाच्या मागे राहिलेली आहे.

आता मागण्या.

निरोगी मुलीची वाढ "मुलगी आहे" या कारणासाठी औषधाने किंवा गुडघ्याजवळच्या कूर्चेवर शस्त्रक्रिया करून थांबवायचा सल्ला देणं बंद करा, आणि तसं तुमच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट शब्दांत लिहा. उंचीमागे मारफान सिंड्रोम (हाडं, डोळे आणि महाधमनीवर परिणाम करणारा जन्मजात आजार) किंवा संप्रेरकांचा आजार असेल तर तो शोधा, महाधमनी तपासा, उपचार करा; त्याला कुणाचाच विरोध नाही.

क्वचित एखादी मुलगी स्वतः आग्रह धरेल. तेव्हा तिच्याशी पालकांशिवाय बोला, एकाहून जास्त वेळा, समुपदेशकासह. अंदाज किती चुकू शकतो, किती सेंटीमीटर कमी होतील, प्रजननावर काय परिणाम दिसले आहेत, हे तिला समजेल अशा भाषेत लेखी द्या. विचाराला वेळ द्या. मधल्या काळात ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला पाहिजे.

मुलगा ज्या टप्प्यावर तज्ज्ञाकडे पाठवला जातो त्याच टप्प्यावर मुलगीही पाठवा. कारण न सापडणाऱ्या बुटकेपणात मुलीची गुणसूत्रांची तपासणी झालीच पाहिजे. शाळांना आणि साध्या दवाखान्यांना वाढीचा तक्ता वाचायला शिकवा. एका आकड्यापेक्षा मुलगी आपल्या रेषेवरून घसरते आहे का, हे त्यांना कळू द्या.

मोजमाप आडोशाला करा, अंगावर कपडे ठेवून करा, आणि आकडा मोठ्याने पुकारू नका. लग्न, नवरा, शोभणं, नाजूकपणा हे शब्द त्या खोलीत उच्चारू नका. पारलिंगी व्यक्ती आली तर तिच्या उंचीवरून तिच्या स्त्री असण्याचा अंदाज बांधू नका.

ज्यांना पूर्वी हा उपचार दिला गेला, त्यांच्या नोंदी जिथे शिल्लक असतील तिथे त्या उघडून त्यांना कळवा. आपल्याला काय दिलं होतं हे ज्यांना अजून माहीत नाही अशा बायका आज पन्नाशी-साठीत असतील. माहिती मिळणं हा त्यांचा हक्क आहे, आणि ती मागायला त्यांनी यावं ही अपेक्षा चुकीची आहे.

मला खासगी उत्तर नको. सहानुभूतीचं पत्रही नको. तुमच्या पुढच्या मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्या समितीत उंच बायका, टर्नर सिंड्रोम असलेल्या बायका आणि पारलिंगी स्त्रिया यांना मताधिकारासह जागा द्या, आणि ती समिती कधी बसणार हे जाहीर करा.

कळावे,
आपली विश्वासू